एका ओळीसाठी बडोदे

बडोद्याला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, राजवाडा पाहिलात का, बाग पाहिलीत का, संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे म्हणे, तो पाहिलात का. मी यातलं काहीही पाहिलं नाही. सतरा दिवस राहिले आणि बागेच्या फाटकावरून रिक्षा दोनदा गेली, एवढंच. तेव्हा ज्यांना प्रेक्षणीय स्थळांची माहिती हवी आहे त्यांनी हे वाचण्यात वेळ घालवू नये.

मी गेले होते कुराणाचा अर्थ शिकायला. ऐकायला हे फार पवित्र वाटतं. कऱ्हाडला मी शिकवते त्या नगरपालिकेच्या शाळेतल्या बायकांनी तर निघताना माझे हात हातात घेतले, आमच्यासाठी दुवा मागा म्हणाल्या. मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मी पळवाट शोधायला चालले होते.

गोष्ट अशी, की माझी मुलगी नसीम ही माझ्या पोटची नाही. माझी धाकटी बहीण जुबेदा बडोद्याला दिली होती. नवरा इस्माईल कोयलीच्या रिफायनरीत फिटर होता. पहिल्या बाळंतपणाला ती रिवाजाप्रमाणे माहेरी मिरजेला आली आणि बाळंतपणातच नसीमला मागे ठेवून वारली. मला मूल नव्हतं. नसीम तीन महिन्यांची असताना माझ्या नवऱ्याची बदली मिरजेच्या एसटी डेपोतून कऱ्हाडला झाली, आणि कऱ्हाडात आम्ही तिघं आलो ते आई, बाप आणि मुलगी म्हणूनच. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं नाव माझ्याच हाताने, माझ्याच वळणदार अक्षरात मी माझ्या नवऱ्याचं घातलं. नसीमला यातलं काहीही माहीत नव्हतं. कऱ्हाडात बावीस वर्षं कुणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

मग त्या वर्षी तिचं लग्न ठरलं, सांगलीचं चांगलं घर. आणि रमजानमध्ये बायकांसाठी बयान, म्हणजे प्रवचन, ठेवलं होतं, तिथे बाहेरगावचे एक मौलाना सहज बोलता बोलता म्हणाले, की दुसऱ्याच्या मुलाला जाणूनबुजून आपलं नाव लावतो तो अल्लाशी खोटं बोलतो, हे कुराणाच्या तीस भागांपैकी एकविसाव्या पाऱ्यात साफ लिहिलं आहे. बाकीच्या बायका पंख्याखाली सरकून बसत होत्या. मला नसीमचा निकाह दिसायला लागला. निकाहात मुलीचं नाव बापाच्या नावासकट साऱ्यांसमोर वाचतात. माझा नवरा दोन वर्षांपूर्वीच अल्लाला प्यारा झाला होता, आता हे मी एकटीने निभवायचं होतं. गावातल्या काझींना विचारावं तर विचारण्यातच सगळं उघडं पडणार. आणि मुफ्तीकडून एका ओळीचं उत्तर मागवायची माझी हिंमत नव्हती, कारण ते काय येईल याची मला भीती होती. म्हटलं आपण शिकलेली बाई, आपणच अर्थ शिकू, खोलात जाऊ. मौलाना बोलतात तसंच काही नसेल. काहीतरी सवलत असेलच.

वाडी

बडोद्यात माझी चुलत नणंद सकीना वाडीत राहते. ही जुन्या शहरातली दाट वस्ती. गल्ल्या अशा, की समोरून सायकल आली तर कुणीतरी एकाने ओट्यावर चढायचं. मे महिना होता. आमच्याकडे कऱ्हाडला ऊन असतं पण संध्याकाळी कृष्णेवरून वारा येतो. इथे संध्याकाळीही भिंती तव्यासारख्या तापलेल्या. सकीनाच्या घरी नवीन केबल आली होती आणि तिची सून ती बंद करायलाच तयार नव्हती, त्यामुळे नमाजच्या वेळेला शेजारच्या खोलीत बायका नाचत असायच्या. खाण्याचं म्हणाल तर सकीनाचं गोश्त मला आवडलं, पण तीही आता तिथल्या हवेत मुरली आहे. डाळीत गूळ घालते. मी एकदा तोंड वाकडं केलं तर म्हणाली, तुमच्या तिखटाने तरी तुमचं काय भलं झालं. तिचं बोलणं असंच आहे.

सकीनाला सगळं ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तिने मला समोर बसवून झाडलं. इतकी वर्षं झाकलं ते आणखी एक दिवस झाक, निकाह पाच मिनिटांचा असतो, पोरगी सासरी गेली की कोण विचारतंय. मी म्हटलं, अगं पण किताबात काय आहे ते तर बघू दे. त्यावर ती जे म्हणाली ते मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

"बघशील तर मग बघितलं नाही असं म्हणता येणार नाही."

आपांचा वर्ग

खदीजाआपांचं घर सकीनाच्या घरापासून चार गल्ल्यांवर. सत्तरीच्या बाई, मुलींच्या उर्दू शाळेत आयुष्यभर शिकवलेल्या, एक डोळा मोतीबिंदूने गेलेला. खाली पत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्याचं दुकान आणि वर माडीवर आपांचा वर्ग. ठोकाठोक सुरू झाली की आपा थांबत, ती थांबली की त्याच अक्षरापासून पुढे सुरू करत. कधी कधी एक आयत, म्हणजे कुराणातलं एक वचन, पुरी व्हायला दहा मिनिटं लागत. पंधरा-सोळा बाया यायच्या. कुणी शिवणकाम करणारी, कुणी शाळेतली, आणि एक, जिला पाहून मी दारातच थबकले, कुंकू लावलेली मराठी म्हातारी.

त्या इंदुताई. संस्थानच्या काळात त्यांचे आजोबा मोठ्या हुद्द्यावर होते, घरात फारसी शिकायची रीत होती. इंदुताई स्वतः कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या. आठवड्यातून चार दिवस वासण्याहून रिक्षा करून यायच्या आणि आपांच्या उजव्या हाताला बसून मराठीत टिपणं काढायच्या. त्यांच्या बडोदी वळणाने मला म्हणाल्या, "बेसा ना इथे माझ्याजवळ, मला कोणीतरी मराठीत बोलणारं मिळालं." मी बसले खरी, पण मनातून आवडलं नाही.

आपांची पद्धत ठरलेली होती. आधी एकीने आयत म्हणायची. मग शब्द सुटे करायचे आणि प्रत्येकीने एकेका शब्दाचा अर्थ सांगायचा. मग ती आयत कधी उतरली, तेव्हा काय घडलं होतं, ते आपा सांगत. मग जुन्या जाणत्यांनी काय म्हटलं, कुणाचं कुणाशी पटलं नाही, तेही. हे सगळं झालं की आपा पुस्तक मिटत आणि एकेकीकडे वळून तोच एक प्रश्न विचारत, "आता यात तुझ्यासाठी काय आहे?" त्याला उत्तर द्यायलाच लागायचं. दुसरीचं उत्तर उचललं तर चालत नसे.

पहिल्या दिवशी आयत म्हणायचा मान पाहुणी म्हणून मला दिला. मी म्हटली. स्वतःची तारीफ करू नये, पण माझ्या वडिलांनी माझ्याकडून घासून घेतलेले उच्चार आहेत, सगळा वर्ग गप्प झाला. मग आपा म्हणाल्या, सुभानल्ला, आता पहिल्या शब्दाचा अर्थ सांग. मी गप्प. दुसऱ्याचा? गप्प. पन्नाशीला टेकलेली, दर रमजानला दोनदा कुराण पुरं करणारी मी, शाळेत पाढे न आलेल्या पोरीसारखी खाली बघत बसले. आणि शेजारून इंदुताईंनी अर्थ सांगितला. हळू सांगितला, मला लागू नये म्हणून. ते जास्तच लागलं. माझ्या किताबाचा अर्थ एका ब्राह्मण बाईला माझ्याआधी कळत होता, आणि मी मात्र नुसती सुरात वाचत आले होते.

दुसरी फजिती पानांची. माझं घरचं कुराण पानाला तेरा ओळींचं, आपांकडची सगळी सोळा ओळींची. मला जागा पाठ आहेत त्या डोळ्यांनी आणि बोटांनी. अमकी आयत उजव्या पानावर मधोमध, तमकी पान उलटल्या उलटल्या. सोळा ओळींत सगळं इकडचं तिकडे झालेलं. आंधळ्याच्या घरातलं सामान कुणीतरी हलवावं तसं झालं.

वर्ग चौथ्या पाऱ्यात होता. मला हवं ते एकविसाव्यात. या गतीने तिथे पोचायला मला बडोद्यातच घर घ्यावं लागलं असतं. तिसऱ्या दिवशी सगळ्या गेल्यावर मी आपांना गाठलं आणि म्हटलं, एकविसाव्या पाऱ्यातल्या चार आयती मला वेगळ्या शिकवाल का. त्यांनी विचारलं, कुणासाठी? मी म्हटलं, शेजारणीसाठी. तिने एक मूल वाढवलं आहे, तिला प्रश्न पडला आहे. आपांनी आपला चांगला डोळा माझ्यावर रोखला आणि म्हणाल्या, तुझ्या शेजारणीसाठी दुपारी तीनला ये.

दुपारी तीन वाजता

त्या दुपारी खालचं दुकान बंद होतं, त्यामुळे लपायला आवाजही नव्हता. मी वुजू करून, हातपाय धुऊन पाक होऊन, बसले होते ती जवळजवळ भांडायलाच. आपा म्हणाल्या, वाच. मी बोटाने ओळ शोधायला लागले आणि सापडेना. मग त्यांनी बोट ठेवलं. मी वाचायला तोंड उघडलं आणि पहिल्याच शब्दाला माझी जीभ अडली.

ती ओळ मला माहीत होती. घरच्या कुराणात डाव्या पानावर, खालून तिसरी. त्यातल्या पहिल्या शब्दात एक अक्षर घशाच्या तळातून काढावं लागतं. नसीम आठ वर्षांची असताना तिला ते जमेना. मी छडी घेऊन समोर बसले होते. तीस वेळा म्हणून घेतला तिच्याकडून तो शब्द. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं तरी सोडलं नाही. अखेर जमला तेव्हा मी तिच्या तोंडात खडीसाखर घातली, आणि तिचे अब्बा दारात उभे राहून कौतुकाने बघत होते.

आपांनी शब्द सुटे केले. तो पहिला शब्द म्हणजे 'त्यांना हाक मारा'. पुढे, त्यांच्या बापांच्या नावाने. हे अल्लाच्या लेखी अधिक न्यायाचं आहे. त्याच्या आधीच्या ओळीत, तोंडाने मुलगा म्हटल्याने कुणी मुलगा होत नाही, ते नुसतं तुमच्या तोंडचं बोलणं. एवढं सरळ. लहान मुलालाही समजेल इतकं सरळ. आणि मी ते त्या पोरीला मारून मुटकून पाठ करायला लावलं होतं, तिच्या त्या खोट्या बापासमोर, आणि आम्हा तिघांनाही अर्थ ठाऊक नव्हता. हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं नाही. मला नुसता राग आला, आणि तो कुणावर हेही ठरवता येईना.

आपा थांबल्या नाहीत, पद्धतीप्रमाणे पुढे गेल्या. ही आज्ञा उतरली तेव्हा प्रेषितांच्या घरातच असा एक मानलेला मुलगा होता. लोक त्याला त्यांच्याच नावाने हाक मारत. त्याचा सख्खा बाप त्याला न्यायला आला तेव्हाही तो गेला नव्हता, इतकी माया. आज्ञा आल्यावर त्यांनीही त्याचं खऱ्या बापाचं नाव त्याला परत दिलं. नाव गेलं, माया गेली नाही. आणि काही जाणत्यांचं म्हणणं असं, की त्याचा एवढा मोठा मान गेला म्हणून अल्लाने त्याची भरपाई केली. प्रेषितांच्या सगळ्या सोबत्यांमध्ये त्या एकट्याचंच नाव कुराणात आलं. कयामतपर्यंत लोक ते वाचत राहणार.

मी म्हटलं, हे सगळं ठीक, पण निकाहाचं काय? शेजारणीने जुनंच नाव ठेवलं तर निकाह होणार नाही का? आपा म्हणाल्या, मुलगी कोण हे सगळ्यांना कळत असेल तर जाणते म्हणतात निकाह होईल. माझा जीव भांड्यात पडला. हीच ती पळवाट. मी उठायलाच लागले तर त्या म्हणाल्या, "निकाह होईल का, हे विचारायला तुझी शेजारीण इतक्या लांब आली नसती."

मी पुन्हा बसले. त्या ओळीत पुढे आहे, की बाप माहीत नसतील तर ती तुमची दीनी, म्हणजे धर्मातली, भावंडं. मी ते पकडलं. म्हटलं, शेजारणीला बाप माहीत नाही. आपांनी विचारलं, माहीत नाही, की माहीत करून घ्यायचं नाही? आणि पुस्तक मिटलं. त्यांचा तो नेहमीचा प्रश्न त्या दिवशी त्यांनी विचारला नाही, याबद्दल मी आजही त्यांची आभारी आहे.

वासणा

नसीमच्या बापाला, इस्माईलला, एकदा गाठायचं मी ठरवलं. इंदुताईंना मी काहीतरी थोडंसं सांगितलं, म्हणजे कोयलीला एका नातेवाइकाला भेटायचं आहे एवढंच. त्या म्हणाल्या, उद्या माझ्याकडे जेवायला या, मग गाडीने जाऊ. वासणा म्हणजे पश्चिमेकडचं नवं बडोदे. रुंद रस्ते, सोसायट्यांना फाटकं, फाटकावर पहारेकरी, जिकडे तिकडे बांधकाम. वाडीतून तिथे गेलं की दुसऱ्याच गावात आल्यासारखं वाटतं. जेवण मात्र ओळखीचं होतं, आमटीभात, कोशिंबीर, आणि तिखट ठेचा माझ्यासाठी मुद्दाम केलेला. मी दोन आठवड्यांनी पोटभर जेवले.

जेवण होतं न होतं तोच शेजारची बाई वाटीभर काहीतरी द्यायला आली. गुजराती बाई, गोड बोलणारी. ही कोण पाहुणी, म्हणून तिने विचारलं. इंदुताई म्हणाल्या, या मालतीबाई, माझी कऱ्हाडची मैत्रीण, शाळेत शिकवतात.

माझं नाव मुमताज. मी मालतीबाई होऊन हसले, केम छो म्हटलं, ती बाई गेली. इंदुताईंचा चेहरा उतरला होता. गाडीत त्या बराच वेळ बोलल्या. सोसायटीत हल्ली कसं झालं आहे, मागे दंगल झाल्यापासून लोक काय काय विचारतात, मुलगा-सून इथेच राहतात, उगाच कटकट नको. अर्थ कळून उपयोग काय, मुमताजबाई, तुमचं खरं नाव सांगायचा एवढाही धीर झाला नाही, असं म्हणाल्या. त्यांनी माझी माफी मागितली आणि मला ती घेता येईना. दुसरी कुणी असती तर मी तिला चांगलं सुनावलं असतं. पण एका मिनिटासाठी माझं नाव बदललं म्हणून मी कोणत्या तोंडाने चिडणार होते? इंदुताईंना निदान लाज वाटत होती. मला बावीस वर्षांत ती कधी वाटली नव्हती.

कोयली

कोयलीला रिफायनरीच्या धुराड्यांवर भर दुपारीही ज्योत जळत असते. हवेला गॅसचा वास. मोठ्या फाटकासमोर ट्रकांची रांग, टायरवाले, चहाच्या टपऱ्या. जुबेदा लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा या ज्योतीबद्दल मला, थोरल्या बहिणीला, सांगायची, की बाजी, आमच्याकडे कायम दिवा लागलेला असतो. मी ते पहिल्यांदा पाहत होते.

इस्माईलभाई आता एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहेत. सकीनाने पत्ता दिला होता. दारात त्यांच्या बायकोने विचारलं, कोण? मी म्हटलं, मिरजेहून आले आहे. आतून ते आले आणि मला पाहताच चपला घालून बाहेर पडले. बायकोला म्हणाले, जुन्या ओळखीच्या आहेत. आम्ही टपरीवर जाऊन बसलो. इंदुताई गाडीतच थांबल्या.

मी थोडक्यात सांगितलं, की मुलगी बावीस वर्षांची झाली, निकाह आहे, तिला तुमचं नाव सांगायचं आहे. त्यांनी चहाचा ग्लास बाजूला सरकवला. मला वाटलं होतं हा माणूस चिडेल, नाही म्हणेल, मग माझं काम सोपं होईल. त्याने भलतंच काढलं.

"मी मिरजेला दोनदा आलो होतो, बाजी. तिला न्यायला. तुमच्या दाराला कुलूप होतं. पत्ता कुणीही दिला नाही."

इथे मला वाचकांना एक सांगायला हवं. वर मी लिहिलं आहे, की माझ्या नवऱ्याची बदली झाली. ती झाली नव्हती, आम्ही मागून घेतली होती. आणि पत्ता कुणाला देऊ नका, असं मीच माझ्या भावाला सांगितलं होतं. त्या तान्ह्या पोरीने माझं बोट धरलं होतं आणि ते सोडवून मी ती कुणाला देणार नव्हते. सोयरे विचारतील तेव्हा सांगायला मी एक गोष्ट तयार ठेवली होती, की बाप एकदा आला, बघून गेला, पुन्हा फिरकला नाही. ती मी इतक्यांदा सांगितली, की मलाच ती खरी वाटू लागली होती.

इस्माईलभाई म्हणाले, दुसऱ्यांदा मिरजेहून रिकाम्या हाताने परतल्यावर त्यांच्या आईने दुसरं लग्न लावून दिलं. सारखे प्रश्न नकोत म्हणून त्यांनी नव्या बायकोला सांगून टाकलं, की पहिली गेली आणि मूलही गेलं. आता दोन मुली आहेत, एकीचं लग्न झालं. "माझ्या घरात ती मेलेली आहे. आता तिला जिवंत करू नका. माझं नाव लिहू नका." चहा त्यांनी प्यायला नाही. जाताना मात्र वळून विचारलं, ती दिसायला कुणासारखी आहे. मी म्हटलं, जुबेदासारखी. ते गेले.

आणि मला काय वाटलं ते लिहिते, कारण नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. त्या धुराड्यांखाली, त्या घाणेरड्या वासात, मला इतकं हलकं वाटलं की काय सांगू. बाप नाव द्यायला तयार नाही. मी आले, विचारलं, माझ्या बाजूने सगळं केलं. आता जुनंच नाव राहू दे. इंदुताईंनी विचारलं, काम झालं का? मी म्हटलं, झालं.

पुन्हा आपांकडे

निघायच्या आदल्या दिवशी मी आपांना हे ऐकवायला गेले, शेजारणीच्या नावानेच. बाप नाही म्हणतो, मग आता तिचा दोष नाही ना? मला वाटत होतं त्या मान डोलावतील.

त्यांनी पुस्तक उघडलं नाही. म्हणाल्या, "बापाचं नाव ही बापाची मेहेरबानी नाही. तो मुलीचा हक्क आहे. तो नाही म्हणाला म्हणून तो हक्क तिच्याकडून घ्यायचा अधिकार तुझ्या शेजारणीला कुणी दिला?" मग त्यांनी मला त्या ओळीचा शेवट आठवून दिला, जो मी घाईत सोडला होता. चुकून झालं त्याचा दोष नाही, मनाने ठरवून केलं त्याचा आहे, आणि अल्ला माफ करणारा आहे. मी त्यातला चुकून हा शब्द धरायला गेले, पण कुलूप मी चुकून लावलं नव्हतं.

मग आपांनी तो प्रश्न विचारलाच. यात तुझ्यासाठी काय आहे? शेजारणीसाठी नाही, तुझ्यासाठी, असं म्हणाल्या.  त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी बोलेपर्यंत तशाच बसून राहिल्या. असरची, दुपार कलल्यावरच्या नमाजची, अजान झाली तेव्हा मी सगळं सांगितलं, नावासकट, कुलपासकट. त्यांनी एवढंच म्हटलं, की हे मला सांगून काय फायदा, मी तुझी मुलगी नाही.

सकीना मला स्टेशनवर सोडायला आली. वाटेत खायला म्हणून लिलो चेवडो बांधून दिला होता. तोही गोडच.

कऱ्हाड

घरी आल्यावर चौथ्या दिवशी नसीमला सांगितलं. तीन दिवस मी चेवडा वाटण्यात आणि बडोद्याच्या गमतीजमती सांगण्यात काढले. ती भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही, आणि मग म्हणाली, ती ओळ दाखव. मी कुराण काढलं. तिने स्वतःच पान उघडलं, बोट सरळ खालून तिसऱ्या ओळीवर ठेवलं, वाचलं, आणि म्हणाली, आता एकेका शब्दाचा अर्थ सांग. मी आपांसारखे शब्द सुटे करून सांगितले. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं कधी शिकवलं नसेल.

मग तिच्या डोळ्यांकडे बघवेना म्हणून मी तिला त्या मानलेल्या मुलाची गोष्ट सांगितली, त्याच्या नावाची भरपाई कशी झाली तीही. ती म्हणाली, "त्यांचं नाव किताबात आलं. माझं तर माझ्या बापाच्या घरातही नाही." कोयलीचं मी तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. मग तिने विचारलं, कुलूप कुणी लावलं होतं? मी म्हटलं, मी. तिने निवडलेली भाजी उचलली आणि आत गेली.

सांगलीच्या लोकांना तिने स्वतः सांगितलं. ज्याच्या धास्तीने मी बावीस वर्षं आणि सातशे किलोमीटर काढले, त्यावर त्यांनी भुवईसुद्धा उचलली नाही. मुलाची आई म्हणाली, बरं झालं सांगितलंत, आणि साडीच्या रंगाचं बोलायला लागली. निकाहात काझींनी इस्माईल यांची मुलगी म्हणून वाचलं, मागे कुणी कुजबुजलं असेल नसेल. माझ्या नवऱ्याचं नाव कुणीच घेतलं नाही. ते माणूस रोज रात्री तिचे पाय चेपायचं, तापात असताना खांद्यावर घेऊन येरझारा घालायचं.

निघताना नसीम माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "येते, खालाजान." पहिल्यांदाच म्हणाली, आणि चाचरली नाही. तेव्हापासून तेच म्हणते. दर जुम्म्याला एसटीडीवरून फोन करते, औषध घेतलं का, गुडघा कसा आहे, सगळं विचारते, काही कमी करत नाही. मोहल्ल्यातल्या बायका अजून माझ्याकडे येऊन बसतात आणि विचारतात, बडोद्याला जाऊन आलात, अर्थ कळला का? मी म्हणते, कळला. खाला म्हणजे आईची बहीण.